रणगाड्याचं वय काय?

५ जुलै १९४३ रोजी कुर्स्कच्या लढाईत जर्मनांनी पँथर रणगाडा पहिल्यांदा उतरवला, तेव्हा त्यातला सगळ्यात जुना रणगाडाही जेमतेम सहा महिन्यांचा होता. उत्पादन त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेलं. मधले काही आठवडे दुरुस्त्यांसाठी कारखान्यात गेले. आघाडीवर पोचलेल्या सुमारे दोनशे पँथरपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच बिघाडाने, सुरुंगांनी किंवा तोफांच्या माऱ्याने बंद पडले. आता याच पँथरची पस्तिसाव्या हिश्श्याची मॉडेलं बघा. कडांवर गंज, बुरुजावरून उतरलेले तांबूस ओघळ, जागोजागी रंगाचे पोपडे. दहा पावसाळे बांधावर काढलेल्या ट्रॅक्टरची कळा. हात कसलेला असतो, मॉडेल देखणंही असतं. रणगाड्याचं वय मात्र साफ चुकलेलं असतं.

या छंदात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. रणगाड्याला कोणते रंग दिले होते, कुठे आणि कसे, हा पहिला. मग त्या रंगाचं ऊन, पाऊस, चिखल, बूट आणि गोळ्या यांनी काय केलं, हा दुसरा. पहिल्याला ‘कॅमोफ्लाज’ म्हणतात, दुसऱ्याला ‘वेदरिंग’. पहिल्याचं उत्तर कागदपत्रांतून मिळू शकतं आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत ते बरंचसं मिळालंही आहे. दुसऱ्याचं उत्तर आजही बहुतेक जण दुसऱ्याचं मॉडेल बघूनच देतात. अनुकरणावर अनुकरण होत गेलं की काय होतं, ते वरच्या पँथरवर दिसतंच.

पस्तिसावा हिस्सा कुठून आला, तेही या निमित्ताने सांगायला हवं. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या तोंडाशी मोटरवर चालणारा पँथर काढला. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, या हिशेबाने त्याचं माप ठरलं; ते निघालं सुमारे एकास पस्तीस. पुढे तेच माप जगभर रूढ झालं. खोक्यावरचं शिगेरू कोमात्सुझाकी यांचं चित्र इतकं जिवंत होतं, की मुलांनी आधी चित्रावर जीव टाकला आणि मग किटवर. मॉडेल कसं दिसावं याची पहिली कल्पना खोक्यावरच्या चित्राने दिली, छायाचित्राने नाही. पुढच्या पुष्कळ भानगडींचं मूळ इथे आहे.

आधी रंगांचं बघू. जर्मन रणगाड्यांचा इतिहास सगळ्यात जास्त खोदला गेलाय, म्हणून उदाहरण त्यांचंच. १९२७ मध्ये जर्मनीत चाळीस रंगांची एक प्रमाण यादी झाली. तिला ‘राल’ म्हणतात. सैन्याचे हुकूम या यादीतल्या क्रमांकांवर चालत. युद्धाआधीच्या आणि युद्धाच्या पहिल्या वर्षातल्या जर्मन रणगाड्यांबद्दल मॉडेलवाल्यांची पक्की समजूत होती, की ते सरसकट गडद राखाडी होते. पोलंडमधला पँझर घ्या नाहीतर फ्रान्समधला, तामियाची एक्सएफ-६३ ची बाटली उघडली की काम झालं. नंतर थॉमस जेन्ट्झ आणि हिलरी डॉयल या अभ्यासकांनी मूळ हुकूम उकरून काढले. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून दोन तृतीयांश गडद राखाडी आणि एक तृतीयांश गडद तपकिरी अशी दुरंगी योजना होती, आणि सगळं राखाडी करण्याचा हुकूम निघाला थेट जुलै १९४० मध्ये, म्हणजे फ्रान्स पडल्यावर. मग हा तपकिरी इतकी वर्षं कुणाला दिसला कसा नाही? कारण दोन्ही रंग सारखेच काळपट. काळ्यापांढऱ्या फिल्मवर ते एकमेकांत मिसळून गेले, त्यात वर धूळ. छायाचित्रं हजारोंनी होती, लोक भिंग लावून बघत होते, आणि एक अख्खा रंग डोळ्यांदेखत गायब होता. ‘फोटोत दिसत नाही’ या युक्तिवादाची किंमत किती, हे त्या दिवसापासून कळलं.

ब्रिटिशांच्या बाबतीत उलटा घोळ झाला. १९४० मध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या त्यांच्या रणगाड्यांवर ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाणारी नक्षी आली: सरळ रेषांनी कापलेले तीन रंगांचे मोठे तुकडे, कडा सुरीने कापाव्यात तशा धारदार. त्या हिवाळ्यात ‘ऑपरेशन कंपास’ या मोहिमेत आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या जोडीला लढलेली माटिल्डा रणगाड्यांची रेजिमेंट याच काळातली. या नक्षीतला एक रंग फिकट निळा, असं कित्येक दशकं मानलं गेलं. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातली माटिल्डा तशी रंगवलेली होती ना! प्रत्यक्षात तो ‘सिल्व्हर ग्रे’, म्हणजे हिरवट झाक असलेला राखाडी. माइक स्टार्मर यांनी ब्रिटिश रंगांच्या मूळ नोंदी आणि नमुने तपासून हे मांडलं. तोवर जगभरच्या कपाटांत निळ्या माटिल्डांची फौज उभी राहिली होती. आजही काहींना निळाच आवडतो. आवडो बापडा, पण तो संग्रहालयाच्या रंगाऱ्याचा निळा आहे, वाळवंटाचा नाही.

हे आपल्या दाराशीही लागू आहे. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ मध्ये उभारलं. महाराष्ट्रातल्या मॉडेलवाल्याला खरा रणगाडा चारी बाजूंनी, हाताच्या अंतरावरून बघायला याहून चांगली जागा नाही. वेल्डिंगची शिवण, ओतीव लोखंडाचा खरबरीत पोत, चाकाच्या रबराला पडलेल्या भेगा हे सगळं तिथे बघून घ्यावं. रंगाचा नमुना मात्र तिथून घेऊ नये. उघड्यावर ऊन-पाऊस खाणारं लोखंड टिकवायचं तर त्याला वेळोवेळी रंगाचा हात द्यावाच लागतो, आणि तो हात १९४४ चा नसतो. गावोगावच्या चौकांत चौथऱ्यावर बसवलेल्या रणगाड्यांचं तर बोलायलाच नको. तिथला चकचकीत हिरवा ऑइल पेंट हा नगरपालिकेच्या कपाटातला रंग आहे.

पुन्हा जर्मनांकडे येऊ. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी राखाडी सोडून गडद पिवळा, ‘डुंकेलगेल्ब’, हा पायाचा रंग ठरवला. त्यावर हिरवा आणि तांबूस तपकिरी हे रंग लेपाच्या रूपात डब्यांतून थेट तुकड्यांना पाठवले जात. लेप पेट्रोलने पातळ करायचा, ते नसेल तर पाण्याने, आणि फवारायचा. फवारणी यंत्र नसेल तर ब्रश, तोही नसेल तर झाडू किंवा चिंधी. रंग किती पातळ करायचा आणि नक्षी कशी काढायची, हे त्या त्या तुकडीच्या हातात. त्यामुळे एकाच कंपनीतले दोन पँथर सारखे दिसत नसत. हे ध्यानात घेतलं, तर ‘डुंकेलगेल्बची अचूक छटा कोणती’ यावर चालणारी हाणामारी निम्मी तरी संपावी. पायाचा पिवळासुद्धा कारखान्यागणिक आणि वर्षागणिक थोडा हिरवट, थोडा मातकट होत गेला. एक्सएफ-६० वापरा, नाहीतर दुसऱ्या कुणाची बाटली. दोन्ही कुठल्यातरी खऱ्या रणगाड्याच्या जवळपास जातील.

१९४४ च्या उत्तरार्धात नक्षी काढण्याचं काम कारखान्यांकडे गेलं आणि हिरव्या-तपकिरी पट्ट्यांवर पिवळे ठिपके, पिवळ्यावर गडद ठिपके अशी ‘दबा धरण्याची’ नक्षी आली. आकाशात दोस्तांची विमानं, खाली झाडीत लपलेला रणगाडा, आणि पानांतून झिरपणाऱ्या कवडशांची नक्कल त्याच्या अंगावर. मॉडेलवाल्यांना हिचं फार आकर्षण, आणि तीच त्यांचा जीवही खाते, कारण शेकडो ठिपके हाताने, सारख्या दाटपणाचे आणि तरीही यांत्रिक न वाटणारे काढायचे असतात. माझ्या मते मॉडेलवरच्या कॅमोफ्लाजमध्ये याहून अवघड काम नाही.

फवारलेल्या नक्षीची कड मऊ असते, आणि इथे मापाचं गणित उपयोगी पडतं. खऱ्या रणगाड्यावर दोन रंगांमधला धूसर पट्टा पाच ते दहा सेंटिमीटरचा धरला, तर मॉडेलवर तो दीड ते तीन मिलिमीटर होतो. एअरब्रश लांब धरून जोरात फवारला की हाच पट्टा सहज सातआठ मिलिमीटरवर जातो आणि रणगाडा धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. म्हणून रंग नेहमीपेक्षा पातळ, हवेचा दाब कमी, बारा-पंधरा पीएसआयच्या आसपास, आणि नोझल पृष्ठभागापासून दोनतीन सेंटिमीटरवर. रंगाचे तुषार इकडेतिकडे उडालेच तर पायाचा पिवळा पुन्हा घेऊन बाहेरून कड आवळत आणायची. कॉन्टरसारख्या धारदार नक्षीला मास्किंग टेप लागते. टेपच्या कडेवर आधी पायाचाच रंग मारायचा, म्हणजे फटीतून झिरपायचं ते खालच्याच रंगात झिरपतं आणि नवा रंग सरळ कापला जातो.

मापाचं हेच गणित ‘स्केल इफेक्ट’ नावाच्या जुन्या वादातही मदतीला येतं. मॉडेल लहान, म्हणजे आपण जणू खरी वस्तू दुरून बघतोय. दुरून बघताना मधली हवा रंग फिका करते. तेव्हा मॉडेलच्या रंगात थोडा पांढरा मिसळा, असा हा सिद्धान्त. इयान हंटली या ब्रिटिश लेखकाने विमानांच्या मॉडेलांसाठी तो लोकप्रिय केला. बहात्तराव्या हिश्श्याला पंधरा टक्के, अठ्ठेचाळिसाव्याला दहा, असे आकडे अजून फिरत असतात. पण हिशेब करून बघा. पस्तिसाव्या हिश्श्याचं मॉडेल तीस सेंटिमीटरवरून बघणं म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून बघणं. साडेदहा मीटरच्या हवेने रंग फिका होत असता तर समोरच्या फुटपाथवरचा माणूसही फिका दिसला असता. कारण चुकीचं आहे, तरी सल्ला बरोबर आहे. भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत उजेड असतो, आपल्या टेबलावर तीनशे ते पाचशे. कमी उजेडात तोच रंग काळपट आणि मलूल दिसतो. वर मॉडेल इतकं लहान, की मोठ्या वस्तूवर उजेड-सावलीचा जो खेळ आपोआप होतो, तो त्यावर उमटतच नाही. म्हणून रंग थोडा उजळ घ्यावाच लागतो. दोष उजेडाचा आहे, हवेचा नव्हे.

उजेडाचा हाच प्रश्न धरून वेदरिंगची सगळी घराणी उभी राहिली. सत्तरच्या दशकात शेप पेन या अमेरिकन कलाकाराने मोनोग्राम कंपनीच्या किटसोबत येणाऱ्या डायोरामांच्या पत्रकांनी एका पिढीला शिकवलं, की मॉडेल म्हणजे एक प्रसंग असतो. मग बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडेन आले. त्यांची रीत सोपी होती: सगळीकडे गडद वॉश, म्हणजे अगदी पातळ रंगाचा हात, आणि तो सुकला की ब्रशवरचा रंग चिंधीला पुसून जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे कडा उजळून निघतात. ऐंशीच्या दशकात या ड्रायब्रशने जग जिंकलं. त्यात एक खोट होती. हा उजेड दिशाहीन असतो. वरची कड आणि खालची कड सारखीच चमकते आणि सगळा रणगाडा खडूने घासल्यासारखा दिसतो.

त्यावर उतारा स्पेनमधून आला. दोन हजारनंतरच्या दशकात मिग हिमेनेझ आणि त्यांच्या भोवतालच्या मंडळींनी वेदरिंगची भाषाच बदलली. अमेरिकेतल्या अ‍ॅडम वाइल्डर यांच्यासोबत रुजलेल्या ‘कलर मॉड्युलेशन’मध्ये प्रत्येक पत्रा एका टोकाला उजळ आणि दुसऱ्या टोकाला गडद रंगवला जातो, जणू वरून दिवा सोडलाय. बुरुजाचं छप्पर जवळजवळ पिवळं धमक, तर पोटाकडची बाजू काळपट. माइक रिनाल्डी यांनी त्याच सुमारास तैलरंग पत्र्यागणिक, छोट्या ब्रशने जिरवत काम करण्याची पद्धत आपल्या पुस्तकांतून मांडली. वॉश, फिल्टर, ओघळ, पिगमेंट यांच्या तयार बाटल्यांचा धंदा उभा राहिला तोही याच काळात, आणि पद्धत पसरण्यात बाटल्यांचा वाटा थोडा नव्हता. ज्याची बाटली विकत घेतली, तो परिणाम मॉडेलवर आलाच पाहिजे, असं आपलं मन सांगतं!

मॉड्युलेशनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती रंगमंचाची प्रकाशयोजना आहे, आणि उत्तम आहे. नाटकात चंद्रप्रकाश निळा असतो म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण हेच मॉडेल ‘ऐतिहासिक दृष्ट्या अचूक’ म्हणून मांडलं, की गोंधळ होतो. कुठल्याच कारखान्यातून अर्धा उजळ, अर्धा गडद पत्रा बाहेर पडलेला नाही. मी स्वतः हे तंत्र एकरंगी रणगाड्यावर वापरावं म्हणतो. सोव्हिएत हिरवा किंवा अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब त्यावाचून सपाट, निर्जीव दिसतो. तीनरंगी जर्मन नक्षीवर मात्र ते अंगावर येतं. नक्षीचं कामच आकार मोडण्याचं, आणि मॉड्युलेशनचं काम आकार उठवण्याचं. एकाच पत्र्यावर दोघांची मारामारी सुरू होते.

रंग उडालेला दाखवायच्या तंत्रांत हेअरस्प्रेच्या तंत्राने खरी क्रांती केली. ब्रिटिश मॉडेलर फिल स्टुटसिन्स्कास यांच्याशी त्याचं नाव जोडलं जातं. रशियातल्या हिवाळ्यात रणगाड्यांवर चुन्यासारखा पांढरा रंग फासत आणि वसंतात तो झडत जाई. असा पांढरा दाखवायला याहून चांगलं तंत्र नाही. प्रायमरचा हात, त्यावर मूळ हिरवा, त्यावर वॉर्निश. ते पक्कं सुकलं की साध्या हेअरस्प्रेचे दोन पातळ थर, ब्यूटी पार्लरच्या दुकानात मिळतो तोच. अर्ध्या-एक तासाने वरून पांढरा अ‍ॅक्रिलिक. तो हाताला कोरडा लागला की लगेच कामाला लागायचं. ताठ केसांचा जुना ब्रश कोमट पाण्यात बुडवून एका चौरस इंचापुरती जागा ओली करायची आणि मिनिटभर थांबायचं. पाणी नव्या रंगाच्या बारीक छिद्रांतून खाली उतरतं, हेअरस्प्रेचा थर मऊ होतो, आणि ब्रश हलका घासला की पांढऱ्याचे पोपडे सुटायला लागतात. आधी काही होत नाही, मग एकदम होतं, म्हणून दर दोनतीन फटक्यांनंतर कापडाने टिपून बघायचं. दोन चुका हमखास होतात. पांढरा रंग लॅकर थिनरमध्ये पातळ केला तर थर इतका घट्ट बसतो, की पाणी आत शिरत नाही. आणि ‘उद्या करू’ म्हणून चार दिवस ठेवलं तरी तेच.

इथे थोडं रसायनशास्त्र आलंच, कारण वेदरिंगचा सगळा डोलारा एकाच नियमावर उभा आहे: वरच्या थराच्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये. अ‍ॅक्रिलिकच्या पायावर तैलरंगाचा वॉश चालतो, कारण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन सुकलेल्या अ‍ॅक्रिलिकला सहसा धक्का लावत नाही. त्याच दुकानातलं एनसी थिनर मात्र अ‍ॅक्रिलिकला तर खातंच, खालच्या प्लास्टिकलाही सोडत नाही. तयार वॉशच्या परदेशी बाटल्या महाग पडतात. बर्न्ट अंबर आणि रॉ अंबर या कॅमलच्या दोन ट्यूब त्यातलं बहुतेक काम करतात. एक युक्ती करायची: ट्यूबमधला रंग जाड पुठ्ठ्यावर काही तास काढून ठेवायचा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो. मग तो रंग लवकर सुकतो आणि चमकत नाही. चमकणारा चिखल हा ओला चिखल, हे विसरू नये.

वॉश सगळीकडे फासायचा नाही. टोकदार ब्रशने शिवणीवर, बोल्टच्या बुडाशी थेंब टेकवायचा. रंग आपला आपण कडेकडेने धावतो. त्यासाठी पृष्ठभागावर आधी चमकदार वॉर्निश हवं. मॅटवर तो धावत नाही, पसरतो आणि भिंतीला ओल यावी तसे काठ सोडतो. आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात वॉर्निश फवारणाऱ्यांना एक धडा फुकट मिळतो: दमट हवेत लॅकरच्या फवाऱ्यावर पांढुरकी साय धरते आणि अख्खा रणगाडा बुरशी आल्यासारखा होतो. काँप्रेसरच्या नळीत साठलेलं पाणी भर रंगकामात थुंकतं, ते वेगळंच. जुलै-ऑगस्ट हे जोडकामाचे, लांबी भरून पॉलिश पेपर मारायचे महिने, असं मानलेलं बरं.

आता पुन्हा वयाकडे. रणगाड्यावर काय दिसलं पाहिजे, हे तीन गोष्टींवरून ठरतं: तो किती जगला, कुठे जगला आणि कशाचा बनला होता. तिसऱ्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. अमेरिकेच्या एम ११३ चिलखती गाडीचं चिलखत अ‍ॅल्युमिनियमचं. व्हिएतनामच्या चिखलात वर्षं काढली तरी त्यावर तांबडा गंज चढणार नाही. रंग उडाला तर खाली करडा, फिकट धातू दिसेल. तरीही गंजलेले एम ११३ बक्षिसं मिळवतात. शर्मन रणगाड्याच्या पुष्कळ साखळी-पट्ट्यांना जमिनीकडे रबराचे ठोकळे असत. तिथे ड्रायब्रशने चांदी चमकवणं चूक, तिथे रबर झिजतं आणि धूळ धरतं. उलट पँथरची पट्टी पोलादी, तिचे जमिनीला लागणारे दात चमकलेच पाहिजेत. पण आतल्या बाजूने जिथे रबरी धावांची चाकं फिरतात, तिथे लखलखाट नको. जर्मन रणगाड्यावर ओरखडा पडला तर आधी तांबडं प्रायमर दिसतं, काळं लोखंड नंतर, खोल जखमेत.

गंज कितीही दाखवला तरी अतिशयोक्ती होत नाही, असं एक ठिकाण आहे. आग लागून जळालेला रणगाडा. आगीत रंग खाक होतो, उघडं पोलाद तापून ऑक्सिडाइझ होतं आणि काही दिवसांत सगळा सांगाडा नारिंगी दिसू लागतो. २०२२ पासून युक्रेनमधून आलेल्या रंगीत छायाचित्रांत हे सगळ्यांनी पाहिलं. एक्झॉस्टच्या नळीचंही तसंच. उष्णतेने तिच्यावर रंग टिकत नाही. बाकी चालत्या रणगाड्यावर गंजापेक्षा धूळ महत्त्वाची. ती आडव्या पत्र्यांवर बसते, कोपऱ्यांत साचते, आणि जिथे दल चढतं-उतरतं त्या वाटेवर बुटांनी पुसली जाते. चालकाच्या झाकणाची कड, बुरुजावर चढायची जागा, इंधनाच्या झाकणाभोवतीचा तेलकट काळा डाग: माणसं रोज जिथे हात-पाय लावतात, तिथे खुणा हव्यात. बाकी मोकळ्या पत्र्यावर स्पंजने सारखे ठिपके उठवत सुटलं, की रणगाड्याला गोवर आला म्हणायचं.

ठिपक्याचंही माप असतं. मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या पत्र्यावर साडेतीन सेंटिमीटरचा. अर्धा मिलिमीटर जाडीची धूळ म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरचा थर. हा हिशेब डोक्यात ठेवला की हात आपोआप आखडतो. चिखलाला गावही असतं. कुर्स्कची काळी माती ओली असताना जवळजवळ कोळशासारखी, सुकल्यावर राखाडी तपकिरी. लिबियाची धूळ फिकट, पिठूळ. रंगापेक्षा फिकी पडून नक्षीच पुसून टाकणारी. कोकणातली जांभ्याची तांबडी माती बारीक चाळून पिगमेंट म्हणून चालते हे खरं, पण ती मातीसुद्धा पूर्व आघाडीवर नेऊ नये.

भारतीय रणगाड्यांचे प्रश्न याहून वेगळे आहेत, आणि मला तेच जास्त रंजक वाटतात. पुण्यात जन्मलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा १९७१ च्या युद्धातला ‘फामागुस्ता’ हा रणगाडा घ्या. पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन. आज तो अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. हा काही सहा महिन्यांचा पँथर नव्हे. १९७१ पर्यंत सेंच्युरियन आपल्याकडे बरीच वर्षं नोकरीत होते, १९६५ चं युद्ध बघून झालं होतं. म्हणजे जुना, म्हणून जास्त गंजलेला? मुळीच नाही. शांततेच्या काळातल्या रेजिमेंटमध्ये रणगाड्याला रंगावर रंग चढत असतो. तपासणीच्या आधी तर हमखास. अशा रणगाड्याचा रंग टवका उडाला तर लोखंड दाखवत नाही, खालचा जुना थर दाखवतो. तेव्हा टवके दाखवायचे ते त्याच रंगाच्या किंचित वेगळ्या छटेत, तेही बेताचे. पट्ट्या मँगनीज पोलादाच्या, रबर नाही. म्हणून जमिनीला टेकणारा भाग घासून चकचकीत, आणि इथे पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने चोळायला पूर्ण परवानगी.

मग प्रश्न येतो तो तासाचा. १५ डिसेंबर १९७१ च्या रात्री बसंतर नाल्यापलीकडे सुरुंगांचं क्षेत्र ओलांडून पूना हॉर्सचे रणगाडे पुढे जाऊ लागले. खेत्रपालांच्या रणगाड्याने पेट घेतला तो १६ डिसेंबरला, आणि तरीही त्यांनी तो सोडला नाही. ज्याला हे मॉडेल करायचंय, त्याने आधी घड्याळ लावावं. नाला ओलांडल्यावरचा क्षण हवा असेल तर खालच्या चाकांवर आणि पट्ट्यांच्या खाचांत नाल्याचा ओला, चमकदार गाळ, आणि वरच्या पत्र्यांवर आदल्या दिवसांची शकरगडच्या सपाटीतली फिकी धूळ. ओला चिखल खाली, सुकी धूळ वर, मधल्या पत्र्यावर दोघांचे शिंतोडे. दुपारकडचा क्षण हवा असेल तर तोच गाळ सुकून राखाडी झालेला, तोफेच्या तोंडाशी काजळी, आणि दारूगोळा बाहेर काढताना बुरुजाच्या झाकणाभोवती पुसली गेलेली धूळ. आग लागल्यानंतरचा फामागुस्ता कुणी करायला घेतला तर त्याला आधीच्या दोन्ही मॉडेलांतलं काहीच उपयोगी पडणार नाही. त्याने पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करावी.